रेडिओचं नाव बदललं, शिवारात काय बदललं?



हडपसर-मांजरी भागात सोलापूर रस्त्यावर 'आकाशवाणी' नावाचा बसथांबा आहे. तिथल्या प्रक्षेपण केंद्रावरून थांब्याला हे नाव पडलं. मांजरीच्या उपबाजारात पालेभाजी घेऊन येणाऱ्यांना हा थांबा पाठ आहे. पण तिथं कुणी 'ऑल इंडिया रेडिओ उतरा' अशी हाक दिल्याचं आठवतं का? नाही ना? आपल्याकडं ती आकाशवाणीच.

दिल्लीत मात्र हा बदल व्हायला मे २०२३ उजाडावा लागला. प्रसारणात 'ऑल इंडिया रेडिओ' हे नाव वापरणं बंद करून सगळीकडं 'आकाशवाणी' हेच वापरावं, असा आदेश त्या महिन्यात निघाला. इंग्रजी बातम्यांच्या सुरुवातीचं वाक्यही त्याप्रमाणं बदललं. तामिळनाडूतून याला विरोध झाला. मराठी श्रोत्याला मात्र फरक जाणवला नाही, कारण पुणे केंद्र मराठीत स्वतःला आकाशवाणीच म्हणत आलं आहे.

नावाचा प्रवास

मुंबईत २३ जुलै १९२७ रोजी इंडियन ब्रॉडकास्टिंग कंपनीचं केंद्र सुरू झालं. कंपनी बुडाली, सरकारनं कारभार हाती घेतला आणि १९३६ मध्ये 'ऑल इंडिया रेडिओ' हे नाव आलं. त्याच्या एक वर्ष आधी म्हैसूरला एम. व्ही. गोपालस्वामी या प्राध्यापकांनी खासगी केंद्र काढून त्याला 'आकाशवाणी' म्हटलं होतं. पुढं पन्नाशीच्या दशकात सरकारनं तेच नाव उचललं. १९९० च्या प्रसार भारती कायद्यातही 'आकाशवाणी' हाच शब्द आहे आणि तो कायदा १९९७ मध्ये लागू झाला. म्हणजे २०२३ च्या आदेशानं नवं काही आणलं नाही. कायद्यातलं नाव माइकवर आणलं, एवढंच.

मग शेतकऱ्यानं याची दखल का घ्यावी? कारण नाव कशानं टिकतं, हे पुणे जिल्ह्यानं साऱ्या देशाला दाखवलेलं आहे.

पुण्याचा प्रयोग

पुणे केंद्र २ ऑक्टोबर १९५३ ला सुरू झालं. तिसऱ्याच वर्षी, फेब्रुवारी ते एप्रिल १९५६ या काळात, युनेस्कोच्या मदतीनं इथं एक प्रयोग झाला. पुण्यासह पाच जिल्ह्यांतली दीडशे गावं निवडली. गावोगाव वीसेक जणांचं श्रोते मंडळ केलं. आठवड्यातून दोनदा अर्ध्या तासाचा कार्यक्रम, असे एकूण वीस कार्यक्रम झाले. मंडळानं एकत्र बसून ऐकायचं, मग चर्चा करायची आणि गावात करता येईल ते करायचं. निमंत्रक शंका टिपून केंद्राला कळवायचा आणि पुढच्या कार्यक्रमांत त्यांची उत्तरं मिळायची.

टाटा समाजविज्ञान संस्थेतर्फे पॉल न्यूराथ यांनी या प्रयोगाची पाहणी केली. ज्या गावांत मंडळ होतं, तिथल्या लोकांची माहिती मंडळ नसलेल्या गावांपेक्षा ठळकपणे वाढली होती. लिहिता-वाचता न येणारेही मागं राहिले नाहीत. १९५९ मध्ये ही योजना देशभर नेण्यात आली. पुढं तंजावर भागात शेतकऱ्यांनी एडीटी-२७ या भाताला 'रेडिओ भात' असं नाव ठेवलं, कारण त्याची माहिती त्यांना रेडिओवरून मिळाली होती. रेडिओचं नाव पिकाला लागलं, याहून मोठी पावती कोणती?

ऐकणारा हवा, बोलणाराही हवा

आज प्रत्येकाच्या खिशात मोबाईल आहे आणि शेतीचा सल्ला दिवसभर येऊन आदळतो. पण औषधाचं अमुक प्रमाण कुणी सांगितलं, कुठल्या जमिनीसाठी सांगितलं, चुकलं तर विचारायचं कुणाला? संदेश पुढं ढकलणारा हे सांगत नाही. रेडिओवर बोलणाऱ्याचं नाव, हुद्दा, संस्था आधी सांगतात. हा फरक छोटा नाही. एका चुकीच्या फवारणीनं हंगाम हातचा जातो.

म्हणून केंद्र जवळ हवं आणि आपल्या बोलीत बोलणारं हवं. आदेशानंतर थोड्याच दिवसांत, जून २०२३ मध्ये, पुणे केंद्राचा प्रादेशिक वृत्तविभाग हलवण्याचा निर्णय आला. लोकांनी आवाज उठवला, तेव्हा तो थांबवला गेला. नाव राखलं आणि जवळचा आवाज गेला, तर त्या नावाचं करायचं काय?

मांजरीकरांना हे वेगळं सांगायला नको. मांजरी बुद्रुक २०२१ मध्ये महापालिकेत गेली, ग्रामपंचायतीची पाटी उतरली. पण राष्ट्रीय द्राक्ष संशोधन केंद्रानं काढलेल्या 'मांजरी नवीन', 'मांजरी मेडिका' या वाणांमुळं गावाचं नाव दूरच्या बागांत पोचलं. घड भरला तरच ते तिथं राहील.

आपण काय करावं?

१. पाच-दहा जणांनी ठरलेल्या वेळी शेती कार्यक्रम एकत्र ऐकावा. पारावर ऐका नाहीतर मोबाईलवर, पण नंतर पंधरा मिनिटं बोला.

२. औषधाचं नाव, प्रमाण आणि सांगणाऱ्याची संस्था वहीत टिपा.

३. शंका राहिली तर केंद्राला पत्र लिहा. पीक, लागवडीची तारीख, जमीन आणि पाणी यांची माहिती द्या. मोघम प्रश्नाला उत्तरही मोघमच मिळतं.

४. फवारणीआधी कृषी सहायक किंवा संशोधन केंद्राकडून खात्री करा. वसंतदादा शुगर इन्स्टिट्यूट आणि द्राक्ष केंद्र मांजरीतच आहेत. उसाचा, द्राक्षाचा प्रश्न घेऊन तिथं जायला संकोच कसला?

५. घरातल्या बायकांना मंडळात घ्या. खुरपणीपासून विक्रीपर्यंत निम्मं काम त्याच करतात.

आकाशवाणीनं आपलं नाव पक्कं केलं, चांगलं झालं. आता पुढचं पत्र आपल्या गावातून जाऊ द्या.