पाय कापण्याआधी

रक्तपुरवठा आटलेला पाय रात्री खाटेखाली लोंबता सोडला की ठणका जरा उतरतो. हा उपाय रुग्णाला कुणी शिकवावा लागत नाही. गुरुत्वाकर्षणामुळे थोडे जास्त रक्त खाली पोचते, इतकेच. पण ही वेळ आली म्हणजे आजार बराच पुढे गेलेला असतो. त्याआधी चालताना पोटरीत गोळे येतात आणि ते वयाच्या नाहीतर वाताच्या खात्यावर टाकले जातात. दरम्यान धमनी अरुंद होत राहते. नळीची त्रिज्या निम्मी झाली की तेवढ्याच दाबाखाली प्रवाह सोळाव्या हिश्शावर येतो. धमनीत हिशेब इतका नेमका नसतो, पण कल इकडेच असतो.

पॅरिसमध्ये १९४८ साली झाँ कुनलँ यांनी रुग्णाच्याच मांडीतली लांब शीर काढून तुंबलेल्या धमनीला वळसा दिला; हाच बायपास. शिरेतल्या झडपा रक्ताला हृदयाकडेच जाऊ देतात; म्हणून शीर उलटी करून जोडायची. १९६४ मध्ये अमेरिकेत चार्ल्स डॉटर यांनी चिरफाड न करता ८२ वर्षांच्या बाईंची मांडीतली अरुंद धमनी आतूनच रुंद केली; ही अँजिओप्लास्टी. बाईंनी पाय कापायला साफ नकार दिला होता. त्या पुढे चालू लागल्या.

यातले चांगले कुठले? चांगली शीर उपलब्ध असेल तर बायपास सरस, असे २०२२ च्या ‘बेस्ट-सीएलआय’ चाचणीत दिसले: पायावरचे मोठे संकट किंवा मृत्यू बायपासनंतर ४२.६ टक्के, अँजिओप्लास्टीनंतर ५७.४ टक्के. पुढच्याच वर्षी ब्रिटनच्या ‘बेसिल-२’ने गुडघ्याखालच्या आजारात उलटा कौल दिला. म्हणून शीर आधी सोनोग्राफीत मोजून घ्यायला हवी, असे मला वाटते.

बिडी-तंबाखूमुळे तरुणांना होणाऱ्या बर्जरच्या आजारात मात्र टोकाच्या बारीक धमन्याच बुजतात. शीर जोडायला खाली जागाच उरत नाही. काही सर्जन पोटातली चरबीची झालर पायात आणून बसवतात, पण बिडी सुटली नाही तर तेही फुकट.

गुठळी अडकून पाय अचानक गार, पांढरा, बधिर पडला तर हाती जेमतेम सहा तास. जालना जिल्ह्यातल्या मंठ्याच्या रुग्णाला आधी जालना शहर, मग आणखी साठेक किलोमीटरवर छत्रपती संभाजीनगर गाठावे लागते. म्हणून जवळच्या दवाखान्यात रक्त पातळ करणारे हेपॅरिन द्यावे आणि पुढच्या रुग्णालयाला आधीच फोन करावा. धमनीत अडकलेली गुठळी फुग्याच्या नळीने जांघेतल्या छोट्या छेदातून ओढून काढता येते; ही नळी थॉमस फोगार्टी यांनी १९६० च्या दशकात तयार केली. अनेकदा तेवढी जागाच बधिर करून भागते.