माहितीपटांतील स्टॉप-मोशन डायनासोर

निसर्ग आणि विज्ञान या विषयांवरील माहितीपटांत नामशेष प्राण्यांचे दर्शन घडवण्यासाठी सांधेदार लघुप्रतिकृती वापरून, त्यांची हालचाल एकेक चौकट टिपत निर्माण केलेल्या डायनासोरांना स्टॉप-मोशन डायनासोर असे म्हटले जाते. विसाव्या शतकाच्या मध्यापासून १९८० च्या दशकाच्या अखेरीपर्यंत चालताफिरता डायनासोर पडद्यावर आणण्याचा हा सर्वांत विश्वासार्ह मार्ग होता. जिवंत सरड्यांना शिंगे व तुरे चिकटवून त्यांचे जवळून चित्रण करणे हा स्वस्त पर्याय होता आणि १९४० च्या ‘वन मिलियन बी.सी.’ या कथापटात तो वापरला गेला. शिक्षणाच्या दृष्टीने मात्र तो निरुपयोगी होता, कारण सरड्याचे पाय शरीराच्या बाजूंना फाकलेले असतात, तर डायनासोरांचे पाय शरीराखाली सरळ उभे होते.

१९९३ नंतर संगणकीय चित्रणाने या तंत्राची जागा घेतली. त्यानंतरच्या काळात हे डायनासोर अनेक प्रेक्षकांच्या स्मरणरंजनाचा विषय झाले आहेत. या ओढीचे मूळ बालपणीच्या आठवणींत आहेच. परंतु माहितीपटातील पुनर्रचना कशी असावी, या प्रश्नाशीही तिचा संबंध आहे.

तंत्र

प्रतिकृतीच्या आत धातूचा सांगाडा असतो. त्याची मान, खांदे, गुडघे आणि शेपटी उखळीच्या सांध्यांनी जोडलेली असतात. हे सांधे नेमके किती घट्ट असावेत याला फार महत्त्व आहे. बोटाने ढकलल्यास अवयव हलला पाहिजे आणि बोट काढताच तो तेथेच थांबला पाहिजे. सांगाड्यावर स्नायूंचे उंचवटे घडवून त्यावर रबराची, बहुधा फोम लेटेक्सची, कातडी चढवतात. मग प्रतिकृती किंचित हलवायची, कॅमेऱ्याची एक चौकट टिपायची, पुन्हा किंचित हलवायची, असा क्रम चालतो. सेकंदाला २४ चौकटी या हिशेबाने एका मिनिटाच्या दृश्यासाठी १,४४० चौकटी लागतात. चालणाऱ्या प्राण्याचे चार पाय, शरीराचा तोल, शेपटीचा झोका आणि श्वासागणिक हलणारी छाती या सर्वांचा हिशेब चित्रकाराला एकाच वेळी मनात ठेवावा लागे. फिल्म धुऊन येईपर्यंत काम कसे झाले ते पाहता येत नसे. चूक निघाल्यास ते दृश्य बहुधा पहिल्यापासून घ्यावे लागे.

या पद्धतीची सुपरिचित खूण म्हणजे हालचालीतील किंचित थरथर. धावणाऱ्या खऱ्या प्राण्याचे चित्रण करताना कॅमेऱ्याचे झाकण उघडे असतानाही तो पुढे सरकत असतो, त्यामुळे प्रत्येक चौकटीत त्याची आकृती थोडी पुसट होते. डोळ्याला हा पुसटपणा जाणवत नाही, पण हालचाल सलग भासण्यास तोच कारणीभूत असतो. स्टॉप-मोशनमधील प्रतिकृती मात्र प्रत्येक चौकटीत पूर्ण स्थिर असते. प्रत्येक चित्र स्वच्छ, रेखीव येते आणि ती ओळीने पाहताना प्राणी झटक्या-झटक्याने हलल्याचा भास होतो.

प्रारंभ

डायनासोरांच्या स्टॉप-मोशनचा पाया अमेरिकन कलावंत विलिस ओब्रायन यांनी घातला. १९२२ मध्ये आर्थर कॉनन डॉयल यांनी ‘द लॉस्ट वर्ल्ड’ या आगामी चित्रपटातील ओब्रायन यांची काही दृश्ये न्यू यॉर्कमध्ये अमेरिकन जादूगारांच्या संस्थेसमोर, ती कशी घडवली हे न सांगता दाखवली आणि त्याची वृत्तपत्रांत मोठी चर्चा झाली. हा चित्रपट १९२५ मध्ये प्रदर्शित झाला. त्याच्या प्रतिकृती मार्सेल डेलगाडो यांनी घडवल्या होत्या. त्यांतील काहींच्या पोटात फुगवता येणारी पिशवी बसवली होती व तिच्या साहाय्याने प्राणी श्वास घेत असल्याचे दाखवता येई.

ओब्रायन यांच्या ‘किंग काँग’ (१९३३) या चित्रपटामुळे रे हॅरीहाउझेन हा मुलगा या कलेकडे वळला. त्याने स्वतः बनवलेला स्टेगोसॉरस ओब्रायन यांना दाखवला, तेव्हा त्याचे पाय सुरकुतलेल्या सॉसेजसारखे दिसतात, शरीररचनाशास्त्र शिकून घे, असा सल्ला त्याला मिळाला. ही हकिगत हॅरीहाउझेन पुढे स्वतःच सांगत असत. पृथ्वीवरील जीवसृष्टीच्या विकासावर ‘इव्होल्यूशन’ नावाचा चित्रपट त्यांनी एकट्याच्या बळावर करावयास घेतला होता. १९४० मध्ये डिस्नीच्या ‘फँटेशिया’तील डायनासोरांचा भाग पाहिल्यावर त्यांनी तो अर्धवट सोडला.

द अ‍ॅनिमल वर्ल्ड

गुरू आणि शिष्य एका माहितीपटात एकत्र आले ते १९५६ मध्ये. अर्विन अ‍ॅलन यांच्या ‘द अ‍ॅनिमल वर्ल्ड’ या वॉर्नर ब्रदर्सच्या रंगीत चित्रपटात प्राणिसृष्टीचा विकास मांडला आहे. त्यातील बहुतेक चित्रण खऱ्या प्राण्यांचे आहे. डायनासोरांच्या भागाची देखरेख ओब्रायन यांच्याकडे होती व प्रतिकृतींना हालचाल हॅरीहाउझेन यांनी दिली. काही जवळच्या दृश्यांसाठी हाताने चालवायच्या मोठ्या यांत्रिक प्रतिकृतीही वापरल्या आहेत. स्टेगोसॉरस व सेराटोसॉरस यांची झुंज, त्या शिकारीवरून दोन सेराटोसॉरसांत जुंपलेली लढाई, टायरॅनोसॉरस व ट्रायसेराटॉप्स यांचा सामना आणि शेवटी ज्वालामुखींच्या उद्रेकात सर्वांचा अंत, असा या भागाचा क्रम आहे.

आजच्या ज्ञानाच्या कसोटीवर यात बरेच काही चुकीचे आहे. येथील डायनासोर मंद, थंड रक्ताचे, शेपूट जमिनीवर ओढणारे सरपटणारे प्राणी आहेत. त्या काळातील पाठ्यपुस्तकांत आणि संग्रहालयांतही ते असेच होते. चित्रपटाचा उर्वरित भाग आज फारसा पाहिला जात नाही. हा डायनासोरांचा भाग मात्र ‘द ब्लॅक स्कॉर्पिअन’ (१९५७) या दुसऱ्याच चित्रपटाच्या डीव्हीडीवर जोड म्हणून देण्यात आला. त्यातील काही दृश्ये १९७० च्या ‘ट्रॉग’ या भयपटातही वापरली गेली.

चेकोस्लोव्हाकियातील प्रयोग

कारेल झेमन यांचा ‘सेस्ता दो प्राव्येकू’ (अर्थ : प्रागैतिहासिक काळाकडे प्रवास, १९५५) हा काटेकोर अर्थाने माहितीपट नाही, कारण त्यात चार मुलांची कथा आहे. तरीही त्याची रचना शुद्ध शैक्षणिक आहे. मुले होडीतून एका नदीवर वल्हवत जातात आणि जसजशी पुढे जातात तसतसा काळ मागे सरकतो. मॅमथ, तृतीयक कालखंडातील सस्तन प्राणी, डायनासोर, दगडी कोळसा ज्यांपासून झाला ती अरण्ये आणि अखेरीस ट्रायलोबाइटांचा समुद्र असा हा प्रवास आहे. दृश्यांची घडण चित्रकार झ्देन्येक बुरियान यांच्या चित्रांवर आधारलेली असून पुराजीवशास्त्रज्ञ योसेफ आउगुस्टा हे सल्लागार होते.

झुंजीत मेलेल्या स्टेगोसॉरसजवळ मुले जाऊन त्याच्या अंगावर चढतात, त्याला निरखून पाहतात, हा या चित्रपटातील सर्वांत उल्लेखनीय प्रसंग म्हणावा लागेल. इतर चित्रपटांत झुंज संपली की कॅमेरा दुसरीकडे वळतो. झेमन तेथेच थांबतात आणि प्राण्याला अभ्यासाचा विषय बनवतात. १९६६ मध्ये अमेरिकेत याची नव्या प्रारंभासह इंग्रजी आवृत्ती निघाली व ती दूरचित्रवाणीवर भागाभागांतही दाखवण्यात आली.

यानंतरच्या काळात शाळांतील प्रक्षेपकांसाठी अनेक लघुपट निघाले. वा चँग यांचा ‘डायनोसॉर्स, द टेरिबल लिझार्ड्स’ (१९७०) आणि कॅनडाच्या राष्ट्रीय चित्रपट मंडळाचा ‘६४,०००,००० इयर्स अगो’ (१९८१) ही त्यांतील दोन उदाहरणे होत.

डायनोसॉर! (१९८५)

दरम्यान विज्ञानातील चित्र पालटले होते. जॉन ऑस्ट्रम यांनी १९६९ मध्ये डायनोनिकस या चपळ मांसाहारी डायनासोराचे वर्णन प्रसिद्ध केले. रॉबर्ट बॅकर यांनी १९७५ मध्ये डायनासोर हे सक्रिय, उष्ण रक्ताचे प्राणी असावेत, असे प्रतिपादन केले. १९७९ मध्ये जॅक हॉर्नर व त्यांचे सहकारी यांनी माँटाना राज्यातील घरट्यांच्या जीवाश्मांवरून पिल्लांची काळजी घेणाऱ्या मायासॉराचे वर्णन केले. पडद्यावरचा डायनासोर मात्र अजून शेपूट ओढतच होता.

ही दरी ज्यांच्या कामाने भरून निघाली ते फिल टिपेट. ‘ड्रॅगनस्लेयर’ (१९८१) या चित्रपटाच्या वेळी विकसित झालेल्या गो-मोशन या तंत्राच्या प्रवर्तकांपैकी ते एक होते. या तंत्रात प्रतिकृतीला जोडलेल्या दांड्या संगणकनियंत्रित मोटारींनी हलवल्या जातात. झाकण उघडे असतानाच प्रतिकृती थोडी सरकते आणि हवा असलेला पुसटपणा चित्रात उमटतो. टिपेट यांनी १९८४ च्या सुमारास स्वतःच्या उत्साहाने ‘प्रीहिस्टॉरिक बीस्ट’ हा सुमारे दहा मिनिटांचा लघुपट केला. त्यात निवेदन नाही. एक मोनोक्लोनियस अरण्यात चरत जातो आणि झाडीत टपलेला टायरॅनोसॉरस त्याची शिकार करतो, इतकेच त्याचे कथानक. यातील प्राणी सतत एकमेकांवर गुरगुरत नाहीत. ते वास घेतात, दचकतात, थांबून कानोसा घेतात.

हा लघुपट पाहून टिपेट यांना ‘डायनोसॉर!’ या माहितीपटाचे काम मिळाले. रॉबर्ट ग्युनेट यांनी दिग्दर्शित केलेला हा माहितीपट ५ नोव्हेंबर १९८५ रोजी अमेरिकेच्या सीबीएस वाहिनीवरून प्रसारित झाला. ‘सुपरमॅन’ म्हणून प्रसिद्ध असलेले अभिनेते क्रिस्तोफर रीव्ह हे त्याचे सूत्रधार होते. ‘प्रीहिस्टॉरिक बीस्ट’मधील दृश्यांना येथे नव्या दृश्यांची जोड मिळाली. विशेष दृश्यपरिणामांसाठी या माहितीपटाला १९८६ मध्ये एमी पुरस्कार देण्यात आला. आज मोनोक्लोनियस ही प्रजाती स्वतंत्र मानावी की नाही याबद्दल शंका घेतली जाते आणि डायनोनिकसला पिसे होती हे सर्वमान्य आहे. तरीही जिवंत प्राण्याचे वर्तन दाखवण्याच्या बाबतीत त्यानंतरचे अनेक खर्चीक कार्यक्रम या माहितीपटाच्या मागे पडतात.

तंत्राचा अस्त

‘जुरासिक पार्क’ (१९९३) या चित्रपटातील धावणारे डायनासोर प्रथम गो-मोशनने करण्याचे ठरले होते व ते काम टिपेट यांच्याकडे होते. स्वयंपाकघरातील प्रसंगाची प्राथमिक चित्रणेही त्यांच्या स्टुडिओने स्टॉप-मोशनने केली. त्यांत डायनासोर सापासारखी जीभ बाहेर काढत. सल्लागार हॉर्नर यांच्या आक्षेपामुळे हा तपशील वगळण्यात आला. संगणकावर घडवलेले नमुने पाहिल्यावर आपण आता नामशेष झालो, अशा आशयाचे उद्गार टिपेट यांनी काढले आणि स्टीव्हन स्पीलबर्ग यांनी ती कल्पना चित्रपटातील एका संवादात वापरली.

प्रत्यक्षात टिपेट यांचे काम संपले नाही. संगणकावर काम करणाऱ्यांना प्राण्याचे वजन आणि चालण्याची लय यांचे ज्ञान हवे होते व ते स्टॉप-मोशनच्या कलावंतांकडेच होते. त्यासाठी ‘डायनोसॉर इनपुट डिव्हाइस’ हे उपकरण तयार झाले. सांध्यांत संवेदक बसवलेला धातूचा सांगाडा जुन्या पद्धतीने हाताने हलवला जाई आणि सांध्यांचे कोन संगणकात नोंदले जात. या चित्रपटासाठी ऑस्कर पुरस्कार मिळालेल्या चौघांत टिपेट यांचा समावेश होता.

माहितीपटांच्या क्षेत्रात हा बदल बीबीसीच्या ‘वॉकिंग विथ डायनोसॉर्स’ (१९९९) या सहा भागांच्या मालिकेने पक्का केला.

स्मरणरंजन

स्टॉप-मोशन डायनासोरांविषयीच्या ओढीचे स्पष्टीकरण बहुधा वयाने दिले जाते. लहानपणी दूरचित्रवाणीवर किंवा शाळेत पाहिलेले दृश्य मनात ठसते, हे खरेच. एखादा कार्यक्रम वर्षातून एकदाच लागे, पुन्हा पाहण्याची सोय नसे आणि उरलेले काम कल्पनाशक्ती करीत असे.

परंतु एवढ्याने भागत नाही. ‘वॉकिंग विथ डायनोसॉर्स’वर झालेली एक महत्त्वाची टीका अशी की, जिवंत प्राण्यांच्या माहितीपटाची शैली जशीच्या तशी घेतल्याने पुरावा कोणता आणि अंदाज कोणता हे प्रेक्षकाला कळत नाही. मालिकेतील लिओप्लुरोडॉन हा सागरी सरीसृप २५ मीटर लांब दाखवला होता. उपलब्ध जीवाश्मांवरून त्याची लांबी याहून पुष्कळच कमी ठरते. चित्र इतके अखंड होते की शंका घेण्यास जागाच उरली नाही. थरथरत चालणारा स्टॉप-मोशन डायनासोर अशी फसवणूक करू शकत नसे. ही कोणीतरी हाडांवरून घडवलेली प्रतिकृती आहे, हे लहान मुलालाही दिसत असे. जुन्या माहितीपटांचे निर्माते काही अधिक सावध नव्हते. त्यांच्या साधनाची मर्यादाच ते काम करीत होती.

जतन

फोम लेटेक्स कालांतराने कडक होते, तडकते आणि त्याचा भुगा होतो. त्यामुळे जुन्या प्रतिकृतींची कातडी नष्ट होऊन अनेकदा केवळ धातूचा सांगाडा शिल्लक राहतो. काही सांगाडे त्यांच्या निर्मात्यांनीच मोडून पुढच्या चित्रपटातील प्राण्यांसाठी वापरले. हॅरीहाउझेन यांनी आपल्या प्रतिकृती व रेखाटने जपून ठेवली होती. १९८६ मध्ये स्थापन झालेले रे अँड डायना हॅरीहाउझेन फाउंडेशन सुमारे ५०,००० वस्तूंच्या या संग्रहाची निगा राखते. त्यांतील निवडक वस्तूंचे प्रदर्शन २०२० मध्ये एडिनबरा येथे स्कॉटलंडच्या राष्ट्रीय कलादालनात सुरू झाले. झेमन यांच्या चित्रपटाची डिजिटल पद्धतीने पुनर्स्थापित प्रत २०१९ मध्ये तयार झाली, तर ‘प्रीहिस्टॉरिक बीस्ट’ हा लघुपट टिपेट यांच्या स्टुडिओने आंतरजालावर विनामूल्य उपलब्ध करून दिला आहे.