साथीच्या दिवसांतील विद्यार्थ्याचें मन

इ. स. २०२० च्या मार्च महिन्याच्या मध्यास कॉलेजें बंद झालीं, तेव्हां सातारा, कऱ्हाड, सांगली व मिरज येथील वसतिगृहांतून मुलें आपापल्या गांवीं गेलीं. पुष्कळांनीं निम्मीं पुस्तकें खोलींतच ठेविलीं. कारण पंधरवड्यांत परत यावयाचें आहे अशी सर्वांचीच समजूत होती. २५ मार्चपासून देशभर टाळेबंदी सुरू झाली. मध्यंतरीं वर्ग उघडले व पुन्हां मिटले, आणि तो पंधरवडा जवळजवळ दोन वर्षें लांबला. आमचे आजचे विद्यार्थी तेव्हां लहान होते. पण त्यांच्या थोरल्या भावंडांनीं कॉलेजचीं वर्षें कशीं काढिलीं हें त्यांच्या पालकांस चांगलें आठवत असेल.

त्या दिवसांत घरोघर एक प्रश्न ऐकूं येत असे. "दोन वेळां आयतें जेवण मिळतें, ना एस. टी. ची दगदग ना खाणावळीचें खर्कटें. मग ह्या पोराला झालें तरी काय?" प्रश्न विचारणारे आईबाप निर्दय होते असें मुळींच नव्हे. त्यांच्यापुढें रोजगाराची, औषधपाण्याची व घरांतील वृद्धांची चिंता होती. परंतु ज्याला उद्देशून तो प्रश्न असे त्यालाही उत्तर ठाऊक नसे, आणि दोष आपलाच आहे असें समजून तो अधिकच गप्प होई. आतां साथ ओसरली आहे. तेव्हां तें उत्तर शांतपणें शोधण्यास हरकत नाहीं.

एक कारण अगदीं शरीराचें आहे. आपल्या मेंदूंत एक घड्याळ असतें व सकाळचा उजेड डोळ्यांत शिरला म्हणजे तें रोज नव्यानें लावलें जातें. अंधार पडल्यावर मेंदूंत मेलाटोनिन नांवाचें द्रव्य स्रवूं लागतें व झोपेची वेळ झाल्याचा निरोप सर्व शरीरास मिळतो. सकाळची घंटा गेली, मैदान गेलें, आणि मोबाईलच्या उजेडांत मध्यरात्र उलटूं लागली, कीं हें घड्याळ बिघडतें. मग रात्रीं झोप नाहीं, दिवसा हुशारी नाहीं; भूक मंदावते, वाचलेलें लक्षांत राहत नाहीं व लहानसहान गोष्टींवरून रडूं अथवा राग येतो. ज्यास घरचीं माणसें आळस म्हणत होतीं त्यांतील कांहीं भाग तरी हें घड्याळच होतें.

दुसरें कारण सोबतीचें. १८९६ सालीं मुंबईंत शिरलेला प्लेग पुढें सातारा जिल्ह्यांत आला, तेव्हां लोक गांव सोडून माळावर झोपड्या बांधून राहत. हाल फार होत, मृत्यूही पुष्कळ होत. तथापि शेजार शेजाराजवळच असे. २०२० च्या साथींत मात्र माणसानें माणसापासून दूर राहणें हाच उपाय होता, आणि तो योग्यही होता. पण त्याची किंमत पडली ती अठरावीस वर्षांच्या मुलांवर अधिक; कारण त्या वयांत मनांतील गोष्ट आईबापांस न सांगतां मित्रास सांगण्याची रीत आहे. फोनवर बोलतां येई हें खरें. परंतु पाटण व जावळीच्या डोंगराळ भागांत रेंजसाठीं टेकडी चढावी लागे, आणि एका खोलींत पांच माणसें वावरत असतां मन मोकळें करणें कसें साधावें? त्यांत लोकांच्या बोलण्याची धास्ती. मार्चच्या अखेरीस इस्लामपुरांत एकाच कुटुंबाच्या नात्यागोत्यांत वीसाहून अधिक रुग्ण निघाले व साऱ्या महाराष्ट्राचे डोळे तिकडे लागले. ते रुग्ण बहुतेक बरे झाले. पण "आपल्या घरीं रोग निघाला तर गांव काय म्हणेल" ही भीति इतर गांवांतून पुष्कळ दिवस राहिली. ताप लपविण्याची जेथें संवय जडली, तेथें मनाची व्यथा कोण उघड करणार?

परीक्षेच्या अनिश्चिततेविषयीं फार लिहीत नाहीं. शेवटच्या वर्षाच्या परीक्षा नकोत असें राज्य सरकारचें मत, घ्याव्या असा विद्यापीठ अनुदान आयोगाचा आग्रह. २८ ऑगस्ट २०२० रोजीं सर्वोच्च न्यायालयानें परीक्षा न घेतां पदवी देतां येणार नाहीं असा निर्णय दिला. शिवाजी विद्यापीठाच्या कक्षेंतील आमच्या दोन्ही जिल्ह्यांचे विद्यार्थी तोंपर्यंत पांच महिने अधांतरीं होते. वाईट बातमी माणूस सोसतो; रोज बदलणारी बातमी त्याला पोखरते.

परंतु सर्वांत खोल घाव दुःख करावयास न मिळण्याचा होता असें आम्हांस वाटतें. आपल्याकडे मृत्यु झाला म्हणजे शेजारी स्वयंपाक करून आणतात, चार जण खांदा देतात, पाहुणे सांत्वनास येऊन बसतात. येणारा प्रत्येक जण तेंच विचारतो, "कसें झालें हो?" आणि घरचें माणूस तीच हकीकत दहादां, वीसदां सांगतें. वरवर पाहतां ही निरर्थक रूढि वाटते. पण पुनःपुन्हां सांगितल्यानेंच घडलेली गोष्ट मनाला हळूहळू पटते. २०२१ च्या एप्रिल-मे महिन्यांतील दुसऱ्या लाटेंत हें सारें थांबलें. वडिलांस रुग्णवाहिकेंत बसवून दिलें, आणि पुढें निरोपच आला, असें पुष्कळ घरांत झालें. कोणाचा दहावा राहिला, कोणाची दफनाची प्रार्थना चार माणसांत उरकली. मग दोन महिने गेले नाहींत तोंच जुलै २०२१ मध्यें कृष्णेचा पूर सांगलींत शिरला. ऑगस्ट २०१९ च्या महापुरांत ज्यांच्या वह्यापुस्तकांचा चिखल झाला होता, त्यांतील कित्येकांनीं तोच चिखल पुन्हां उपसला. त्याच आठवड्यांत पाटण तालुक्यांत आंबेघर व मिरगांव येथें दरडी कोसळून घरें माणसांसह गाडलीं गेलीं. आमच्या मुलांस साथ एकटी भेटली नाहीं. ती दोन पुरांच्या मध्यें भेटली.

दुःखाची हकीकत ऐकावयास तेव्हां कोणी आलें नसेल, तर आजही जातां येतें. वर्षें उलटलीं म्हणून सांगणाऱ्याची गरज संपत नाहीं. जाणाऱ्यानें उपदेश करूं नये, इतरांचें मोठें दुःख सांगून त्याचें लहान करूं नये. विचारावें आणि बसावें. घरच्यांनीं एवढें पाहावें, कीं मूल ठराविक वेळीं उठतें, सकाळीं उन्हांत जरा चालतें, व दिवसांतून एक जेवण तरी सर्वांबरोबर जेवतें. ह्या गोष्टी क्षुल्लक दिसतात, पण बिघडलेलें घड्याळ त्यांनींच लागतें.

तथापि औदासीन्य दोन आठवडे सतत टिकलें, आवडत्या गोष्टींतही गोडी उरली नाहीं, झोप व भूक पार बदलली, तर तें घरच्या उपायांवर सोडूं नये. आणि "मी नसतों तर बरें झालें असतें" अशा अर्थाचें कांहीं मूल बोललें, तर तें चेष्टेवारी नेऊं नये. त्याला सरळ विचारावें, "तुझ्या मनांत जीव देण्याचा विचार येतो काय?" विचारल्यानें तो विचार मनांत रुजतो ही समजूत चुकीची आहे, उलट, विचारणारा भेटला म्हणून पुष्कळांचा भार हलका होतो. उत्तर होकारार्थी आलें तर मुलास एकटें सोडूं नये व त्याच दिवशीं वैद्यकीय मदत मिळवावी. २०१७ च्या मानसिक आरोग्य कायद्यानेंही, आत्महत्येचा प्रयत्न करणारा माणूस तीव्र तणावाखालीं होता असें गृहीत धरून त्याची शुश्रूषा करण्याचें कर्तव्य सरकारवर टाकलें आहे.

मनाच्या वैद्याचें नांव काढलें कीं आपल्याकडील माणसास येरवडा आठवतो. ही मोठी अडचण आहे. हाड मोडलें, डोळ्यांत फूल पडलें, तर कोंकणांतून व कर्नाटकांतूनही लोक मिरजेस येतात आणि तसें उघड सांगतात. पण मनाच्या दुखण्यासाठीं मिरजेस गेलों होतों असें सांगणारा विरळाच. वस्तुतः तेथील शासकीय वैद्यकीय महाविद्यालयाच्या रुग्णालयांत ह्याही दुखण्यावर उपचार होतात, व त्यासाठीं कोणास येरवड्यास धाडीत नाहींत. पहिल्या भेटींत डॉक्टर झोपेविषयीं, भुकेविषयीं, अभ्यासाविषयीं व घराविषयीं विचारतात. प्रत्येकास औषध लागतेंच असें नाहीं. कित्येकांस समुपदेशकाशीं कांहीं वेळां बोलणें पुरतें. जाण्याचें धैर्य होत नसेल त्यानें १४४१६ हा क्रमांक फिरवावा. १० ऑक्टोबर २०२२ रोजीं सुरू झालेली ही 'टेलिमानस' नांवाची सरकारी सेवा विनामूल्य आहे, दिवसरात्र चालते, आणि पलीकडचें माणूस मराठींत बोलतें.