कोलोरॅडोतील कृत्रिम पूर आणि त्याचा हिशेब

पावसाळ्यात धरण भरले की दरवाजे उघडून विसर्ग वाढविल्याच्या बातम्या आपल्या परिचयाच्या आहेत. अमेरिकेच्या ॲरिझोना राज्यातील ग्लेन कॅनियन धरणातून २६ मार्च १९९६ पासून सात दिवस सुमारे ४५ हजार क्युसेक पाणी सोडण्यात आले, त्याचे कारण मात्र निराळे होते. कोलोरॅडो नदीच्या पात्रातील वाळू उचलून ती काठावर नेऊन टाकणे, हा त्या पुराचा हेतू होता.

'कोलोरॅडो' या स्पॅनिश शब्दाचा अर्थच तांबूस. १९६३ मध्ये धरणात पाणी अडविले गेले आणि नदीला हे नाव देणारा गाळ लेक पॉवेल जलाशयात साचू लागला. खाली ग्रँड कॅनियनमध्ये जलाशयाच्या खोल थरातील नितळ, थंड पाणी वाहू लागले. आपल्याकडे गाळ म्हटला की धरणाची साठवण घटल्याची चिंता असते. तेथे धरणाखाली गाळच उरला नाही, ही तक्रार आहे. काठावरील वाळूचे पट्टे झिजले. गढूळ आणि उन्हाळ्यात कोमट होणाऱ्या पाण्याला सरावलेल्या देशी माशांची पीछेहाट झाली. पाठीवर वशिंडासारखा उंचवटा असलेला 'हम्पबॅक चब' १९६७ मध्येच संकटग्रस्त ठरला. हौशी गळकऱ्यांसाठी आणून सोडलेला ट्राउट थंड पाण्यात फोफावला.

अमेरिकी काँग्रेसने १९९२ मध्ये ग्रँड कॅनियन संरक्षण कायदा केला. त्यातून १९९७ मध्ये उभ्या राहिलेल्या कार्यक्रमाची रीत अशी की, धरणाचे पाणी ठरावीक पद्धतीने सोडून पाहायचे, परिणाम मोजायचे आणि त्यानुसार पुढचे नियम बदलायचे. खोऱ्यातील सात राज्ये, आदिवासी जमाती, वीज खरेदीदार, पर्यावरण संघटना, गळकरी असे परस्परविरोधी हितसंबंध असलेले लोक एका समितीत बसून अंतर्गत खात्याच्या मंत्र्यांना सल्ला देतात.

पहिल्या पुराने लगेच काठावर नवी वाळू दिसू लागली आणि आनंद झाला. पण मोजमापांनी वेगळेच सांगितले. पात्राच्या तळाशी वर्षानुवर्षे वाळू साठून राहते, हे मूळ गृहीतक चुकीचे निघाले. पुराने उचललेली बरीचशी वाळू वरच्या भागातील जुन्या पट्ट्यांच्याच खालच्या अंगाची होती. म्हणजे एका खिशातले दुसऱ्या खिशात गेले होते. धरणाखाली नवी वाळू येते ती मुख्यतः परिया आणि लिटल कोलोरॅडो या उपनद्यांतून, आणि तीही फार काळ थांबत नाही. त्यामुळे परियाला पूर येऊन वाळू आली की ती वाहून जाण्यापूर्वीच मोठा विसर्ग द्यायचा, असे ठरले. नोव्हेंबर २००४ मध्ये ६० तासांचा पूर त्याच विचाराने दिला गेला आणि २०१२ मध्ये त्याची नियमावली झाली. एवढ्या खर्चाच्या प्रयोगात स्वतःचेच गृहीतक खोटे ठरल्याचे मान्य करणे सरकारी कामात विरळाच.

वाळूला मानवणारे माशांना मानवेलच असे नाही. मार्च २००८ च्या पुरानंतर ट्राउटची पिले मोठ्या संख्येने जगली, आणि चबच्या पिलांना खाणाऱ्या माशांतच भर पडली. त्याआधी २००३ पासून काही वर्षे लिटल कोलोरॅडोच्या संगमाजवळ ट्राउट पकडून मारले जात होते. त्या पवित्र स्थळी होणाऱ्या जीवहत्येला झुनी जमातीने आक्षेप घेतला. तो तांत्रिक नव्हता म्हणून दुर्लक्षिण्याजोगाही नव्हता.

आता पैशाचे. संशोधनाचा आणि देखरेखीचा खर्च प्रामुख्याने याच धरणासह परिसरातील केंद्रीय जलविद्युत प्रकल्पांच्या वीजविक्रीतून निघतो. २००० च्या कायद्याने त्यावर वर्षाला ७८.५ लाख डॉलरची कमाल मर्यादा घातली, जी महागाईनुसार वाढते. परंतु मोठ्या पुराचे सगळे पाणी आठ जनित्रांतून जाऊ शकत नाही. उरलेले स्वतंत्र नळांतून सोडावे लागते. ते पाणी वाया जात नाही, खालच्या लेक मीडमध्ये साठते. बुडते ती वीज. कामाचा आराखडा पूर्वी दोन वर्षांचा असे, आता तीन वर्षांचा असतो. परियाचा पाऊस मात्र आराखडा पाहून पडत नाही.

२०२१ च्या पावसाळ्यात परियाने भरपूर वाळू आणली, पण लेक पॉवेलची पातळी इतकी खालावली होती की पूर देण्यात आला नाही. तो मिळाला एप्रिल २०२३ मध्ये, ७२ तासांचा. दरम्यान जलाशय उथळ झाल्याने खाली येणारे पाणी कोमट झाले. हे चबच्या पथ्यावर पडले. २०२१ मध्ये त्याची नोंद 'संकटग्रस्त' वर्गातून 'धोक्यात' या कमी गंभीर वर्गात झाली. पण त्याच कोमट पाण्यात २०२२ च्या उन्हाळ्यात धरणाखाली स्मॉलमाउथ बास या परक्या शिकारी माशाची पिले सापडली. त्याचे प्रजनन रोखण्यासाठी जुलै २०२४ पासून काही महिने खोल थरातील थंड पाणी जनित्रांना वळसा घालून सोडण्यात आले. जी वीज त्यामुळे बुडाली, तिच्याच विक्रीतून चबची गणनाही होते.