रॉक गाण्याचा विद्यार्थी-व्हिडिओ : कॅमेरा सुरू होण्यापूर्वीची कामे

क्युपर्टिनोतील हायस्कूलमध्ये शिकणारी मुले गिटार घेऊन गॅरेजमध्ये जमू लागली, की काही महिन्यांत त्यांच्यापैकी एकाला म्युझिक व्हिडिओ करावासा वाटतो. कधी तो शाळेतला उपक्रम असतो, कधी निव्वळ हौस. घरातील मोठी माणसे बहुधा संगणकक्षेत्रातील, वेळापत्रक आणि टप्पे यांत मुरलेली. त्यामुळे साडेतीन मिनिटांच्या चित्रफितीला असे किती काम लागणार, असे त्यांना वाटते. साधने तर घरातच आहेत. याच गावातील कंपनीने १९९९ मध्ये ‘फायनल कट प्रो’ बाजारात आणून संकलनाचे काम टेबलावरील संगणकात आणले, आणि २०१५ मध्ये शॉन बेकर यांनी ‘टँजरीन’ हा अख्खा चित्रपट आयफोनवर चित्रित करून दाखवला. उपकरणांची अडचण आता उरलेली नाही. ती इतरत्र आहे, आणि तिची सुरुवात ‘गाणे कोणाचे?’ या प्रश्नापासून होते.

पर्यायी रॉक, म्हणजे ज्याला सर्वत्र ‘ऑल्टरनेटिव्ह रॉक’ म्हणतात, त्या प्रकारातील एखाद्या नामवंत बँडचे गाणे मुलांना आवडलेले असते आणि त्यावरच व्हिडिओ करायचा असतो. अमेरिकी कायद्यानुसार अशा गाण्यात दोन वेगळे हक्क गुंतलेले आहेत. शब्द आणि चाल यांचा हक्क रचनाकाराकडे किंवा त्याच्या प्रकाशकाकडे असतो. प्रत्यक्ष ध्वनिमुद्रणाचा हक्क बहुधा ध्वनिमुद्रण कंपनीकडे असतो. चित्राशी गाणे जोडायचे तर दोघांचीही परवानगी लागते. मुलांनी तेच गाणे स्वतः वाजवून मुद्रित केले, तर दुसरा हक्क बाजूला होतो. पहिला कायम राहतो. येथे अनेकांची गल्लत होते. दुसऱ्याचे गाणे स्वतः गाऊन केवळ ध्वनिरूपात प्रसिद्ध करण्यासाठी ठरावीक मानधनावर मिळणारा सक्तीचा परवाना कायद्यात आहे. पण तो व्हिडिओला लागू होत नाही. ‘अ‍ॅस्कॅप’ किंवा ‘बीएमआय’ या संस्थांकडे जाऊनही उपयोग नसतो, कारण त्यांचे काम सार्वजनिक सादरीकरणाच्या हक्कापुरते आहे.

‘शिक्षणासाठी केले, म्हणजे चालते’ ही समजूत अर्धीच खरी आहे. ना-नफा शाळेच्या वर्गात, शिक्षकांसमोर, अध्यापनाचा भाग म्हणून केलेल्या सादरीकरणाला कायद्याच्या कलम ११० मध्ये सवलत आहे. वर्गाबाहेर, म्हणजे यूट्यूबवर किंवा महोत्सवात, तो व्हिडिओ गेला की ही सवलत संपते. कलम १०७ मधील ‘न्याय्य वापर’ ठरवताना चार निकष एकत्र तोलले जातात आणि शैक्षणिक हेतू हा त्यांतील केवळ एका निकषाचा अंश आहे. संपूर्ण गाणे सुरुवातीपासून शेवटपर्यंत वापरणाऱ्याने त्या आधारावर फार विसंबू नये. यूट्यूबची ‘कंटेंट आयडी’ ही यंत्रणा २००७ पासून अस्तित्वात आहे आणि परिचित ध्वनिमुद्रण ओळखायला तिला फार वेळ लागत नाही. मग जाहिरातीचे उत्पन्न हक्कधारकाकडे जाते, आवाज बंद होतो किंवा व्हिडिओच अडवला जातो. सहा आठवडे राबलेल्या मुलाला हे अपलोडच्या रात्री कळणे फार वाईट.

म्हणून विद्यार्थ्यांसाठी सर्वांत चांगला मार्ग म्हणजे ओळखीच्या बँडचे स्वतःचे गाणे. ते गाणे कदाचित तितके भारी नसेल. पण दिग्दर्शक आणि बँड दोघांनाही त्याची गरज असते, आणि ही परस्पर गरज कोणत्याही परवान्यापेक्षा उपयोगी पडते. एका पानाचा करार पुरे: गाणे कोणी लिहिले, व्हिडिओ कोठे दाखवता येईल, कोणाचे नाव कसे येईल, बँड फुटला तर काय. (हायस्कूलमधील बँड फुटतात, ही गोष्ट गृहीतच धरावी.) अल्पवयीन व्यक्तीला स्वतः केलेला करार कॅलिफोर्नियात नंतर नाकारता येतो, त्यामुळे प्रत्येक मुलाच्या सहीशेजारी पालकाची सही हवी. पडद्यावर दिसणाऱ्या मुलांसाठीही तसेच संमतिपत्र घ्यावे.

मराठी घरांसाठी आणखी एक वाट आहे. तुकोबांच्या किंवा जनाबाईंच्या शब्दांवर आज कोणाचाही मालकी हक्क नाही. मुंबईच्या ‘अभंग रिपोस्ट’सारख्या बँडने अभंगांना गिटार आणि ड्रमची साथ देऊन श्रोते मिळवले आहेत. क्युपर्टिनोतील मुलांनाही ते करता येईल. मात्र आजी रोज ऐकते ती चाल एखाद्या आधुनिक संगीतकाराची असू शकते आणि तिच्यावर हक्क असू शकतो. शब्द संतांचे, चाल मुलांची, मुद्रण गॅरेजमधले, असे जमले तर कोणाकडेही हात पसरावे लागत नाहीत.

गाणे ठरले की ते मोजावे. मिनिटाला १२० मात्रांचे गाणे असेल, तर चार मात्रांचे एक आवर्तन दोन सेकंदांचे होते. साडेतीन मिनिटांत अशी १०५ आवर्तने येतात. सरासरी दर दोन आवर्तनांनी दृश्य बदलले, तरी पन्नासच्या वर दृश्ये लागतात. हा आकडा कागदावर दिसला की मुलांच्या कल्पना आपोआप आटोक्यात येतात. वहीच्या डाव्या बाजूला सेकंद आणि गाण्याचा भाग, उजव्या बाजूला त्या वेळी दिसणारे चित्र, एवढी आखणी पुरते. त्यासाठी कोणत्याही वडिलांच्या कार्यालयातील प्रकल्प-व्यवस्थापन प्रणालीची आवश्यकता नाही.

या संगीतप्रकाराचा एक गुण आखणीला मदत करतो. पिक्सीज आणि त्यांच्यामागून निर्वाणा यांनी रूढ केलेली घडण म्हणजे दबक्या आवाजातील कडवे आणि अचानक उसळणारे ध्रुवपद. चित्रानेही हा चढउतार पाळावा की मुद्दाम मोडावा, हा दिग्दर्शकाचा पहिला खरा निर्णय. कडव्यात स्थिर कॅमेरा आणि ध्रुवपदात हाती धरलेला, ही सोपी आणि बहुधा यशस्वी तोड. ध्रुवपदाच्या गदारोळात एक निश्चल चेहरा दाखवणे अवघड. पण जमले तर अधिक लक्षात राहते.

कल्पना एकच असावी आणि ती एका वाक्यात सांगता यावी. जालंधरमध्ये जन्मलेले आणि पासाडेनाच्या आर्ट सेंटर कॉलेज ऑफ डिझाइनमध्ये शिकलेले तरसेम सिंग यांनी १९९१ मध्ये आर.ई.एम.च्या ‘लूझिंग माय रिलिजन’चा व्हिडिओ केला. त्यात मार्केझची म्हाताऱ्या देवदूताची कथा, काराव्हाजिओचा प्रकाश आणि आपल्याकडच्या देवादिकांच्या कॅलेंडरचित्रांची सजावट एकत्र आली, आणि त्याला एमटीव्हीचा वर्षातील सर्वोत्कृष्ट व्हिडिओचा सन्मान मिळाला. घरातल्या भिंतीवरचे कॅलेंडर आणि रॉक संगीत यांत अंतर आहे असे मानणाऱ्या मुलाला तो जरूर दाखवावा. दुसऱ्या टोकाला ‘ओके गो’ या बँडचा २००६ मधील व्हिडिओ आहे: आठ ट्रेडमिल, चार माणसे, एकच अखंड दृश्य. त्याला ग्रॅमी मिळाले. खर्च कमी होता. सराव मात्र प्रचंड.

चित्रीकरणाच्या वेळी गाणे मोठ्याने वाजवतात आणि गायक त्यावर ओठ हलवतो. मराठी वाचकाला हे नवे नाही. आपला चित्रपट पिढ्यान्‌पिढ्या याच रीतीने गात आला आहे. तरीही नवशिक्यांची दोन चुकांमुळे दैना होते. पहिली, अंतिम मिश्रण तयार नसताना चित्रीकरण करणे. नंतर बँडने लय किंचित जरी वाढवली, तरी एकही ओठ जुळत नाही. दुसरी, कॅमेऱ्यातील आवाज बंद ठेवणे; तो निकृष्ट असला तरी संकलनात दृश्य गाण्याशी जुळवायला तोच खुणेसारखा उपयोगी पडतो. फोनवर चित्रीकरण असेल, तर सेकंदाला चौकटी किती हे अ‍ॅपमधून पक्के करून ठेवावे, कारण फोन स्वतःच्या सोयीने ती गती थोडी बदलतो.

एक जुनी युक्ती मुलांना हमखास आवडते. गाणे दुप्पट वेगाने वाजवायचे, सेकंदाला ४८ चौकटींनी चित्रित करायचे आणि २४ च्या गतीने दाखवायचे. ओठ गाण्याशी बरोबर जुळतात. केस, कपडे, पाऊस मात्र स्वप्नात असल्यासारखे संथ हलतात. वीझरच्या ‘अनडन’मध्ये १९९४ साली स्पाइक जोन्झ यांनी असाच वेगाचा खेळ केला. कोल्डप्लेच्या ‘यलो’मध्येही २००० साली तो आहे. इंग्लंडमधील स्टडलंड बे येथे संपूर्ण बँडसह चित्रीकरण ठरले होते. ड्रमवादकाच्या आईचे अंत्यसंस्कार त्याच दिवशी आले आणि हवाही बिघडली. मग पावसाळी किनाऱ्यावर गायक एकटाच चालत राहिला, एका अखंड दृश्यात. गाण्याला ते इतके शोभले की मूळ बेत कोणाला आठवतही नाही.

जागांच्या बाबतीत क्युपर्टिनो उदार आहे. स्टीव्हन्स क्रीकचे धरण, मॅक्लेलन रँच, मेमोरियल पार्क, फेअरग्रोव्ह भागातील आयक्लर घरांच्या सपाट छपरांची रांग. उद्यान नगराचे, काउंटीचे की मोकळ्या जागांच्या जिल्हा-प्राधिकरणाचे, यावर नियम बदलतात; म्हणून संबंधित कार्यालयाला दोन-तीन आठवडे आधी लेखी विचारावे. उन्हाळ्यात डोंगरावरील गवत वाळून सोनेरी होते आणि कॅमेऱ्यात फार सुंदर दिसते. त्या गवतात फुलबाजी किंवा धूरनळकांडे पेटवण्याचा विचार कोणाच्या मनात आला, तर तो जागीच थांबवावा. खोट्या बंदुकीलाही तोच नियम.

आणि रूळ. क्युपर्टिनोतून युनियन पॅसिफिकचा एक मालवाहू लोहमार्ग टेकड्यांतील पर्मनेन्टे येथील सिमेंट कारखान्याकडे जातो. हेन्री कायझर यांनी १९३९ मध्ये तो कारखाना उभारला, आणि शास्ता धरणाचे सिमेंट तेथूनच गेले. गंजके रूळ, खडी, दूरवर टेकड्या: एकाकीपणाच्या गाण्यासाठी याहून तयार पार्श्वभूमी नाही. रूळ बहुतेक वेळ शांत असतात, आणि धोका नेमका तेथेच आहे. २० फेब्रुवारी २०१४ रोजी जॉर्जिया राज्यात ‘मिडनाइट रायडर’ या चित्रपटाचे चित्रीकरण रेल्वेच्या पुलावर चालू असताना मालगाडी आली आणि सारा जोन्स ही २७ वर्षांची कॅमेरा सहायक ठार झाली. रेल्वे कंपनीने परवानगी नाकारली होती. दिग्दर्शकाने पुढे मनुष्यवधाचा आरोप मान्य केला आणि त्याला तुरुंगात जावे लागले. ते सारे अनुभवी, पगारी व्यावसायिक होते. सोळा वर्षांच्या मुलांच्या कानात तर त्या वेळी मोठ्या आवाजातले गाणे असते. कॅलिफोर्नियात रेल्वेच्या हद्दीत विनापरवाना शिरणे हा गुन्हा आहे; पण पालकांनी मुलांपुढे कायद्याआधी साराचे नाव घ्यावे. रूळ हवेच असतील, तर रेल्वे संग्रहालयात परवानगीने मिळू शकतात.

याच संदर्भात एक नाजूक बाब येते. पर्यायी रॉकमधील पुष्कळ गाणी नैराश्य, तुटलेपणा, घर सोडण्याची ओढ यांबद्दल असतात. पटकथा वाचून आई हादरते आणि बाबा विषय बदलतात. सांता क्लारा काउंटीत ही चिंता निराधार म्हणता येणार नाही. शेजारच्या पालो आल्टोने दोन वेळा विद्यार्थ्यांच्या आत्महत्यांची मालिका पाहिली आणि २०१६ मध्ये केंद्रीय रोगनियंत्रण संस्थेचे पथक तेथे अभ्यासासाठी आले. तरीही काळोख्या गाण्याचा अर्थ मूल स्वतः काळोखात आहे असा काढणे घाईचे ठरेल. मनातले बाहेर काढायला कला हे जुने आणि चांगले साधन आहे. प्रश्न सरळ विचारावा: ‘हे पात्र तू आहेस का?’ उत्तर शांतपणे ऐकावे. काळजी वाटलीच, तर ९८८ हा क्रमांक देशभर चोवीस तास उपलब्ध आहे आणि पालकही तेथे बोलू शकतात. व्हिडिओमध्ये स्वतःला इजा करण्याची पद्धत दाखवू नये, हा संकेत मात्र कलास्वातंत्र्याच्या नावाखालीही मोडू नये. तो पाहणारी मुले त्याच शाळेतील असतात.

प्रत्यक्ष चित्रीकरणाचा दिवस, आखणी झाली असेल, तर त्या मानाने सोपा. आधी संपूर्ण गाणे तीन जागांवरून सलग चित्रित करून घ्यावे. मग बाकीचे बिघडले तरी व्हिडिओ पुरा होतो. गॅरेजमध्ये ड्रम असतील, तर शेजाऱ्यांना आदल्या दिवशी सांगावे. गर्दीच्या दृश्यासाठी बोलावलेल्या मित्रांना खायला द्यावे आणि दोन तासांत सोडावे. निर्वाणाच्या ‘स्मेल्स लाइक टीन स्पिरिट’साठी १९९१ मध्ये शाळेच्या व्यायामशाळेचा देखावा उभारला होता, दिवसभर बसून वैतागलेल्या प्रेक्षक-पोरांनी अखेर तो देखावाच मोडला. दिग्दर्शक सॅम्युअल बायर यांनी तेही चित्रित केले आणि व्हिडिओ अजरामर झाला. क्युपर्टिनोच्या घरगुती गॅरेजमध्ये हा प्रयोग न केलेला बरा.

संकलन पूर्ण झाल्यावर अंतिम फीत, नावांविरहित दुसरी प्रत, गाण्याची मूळ फाइल आणि सह्या केलेले सर्व कागद एकाच ठिकाणी ठेवावेत. महोत्सवाच्या अर्जात गाण्याच्या हक्कांची विचारणा असते आणि तो अर्ज भरण्याची वेळ अनेक महिन्यांनी येते. ड्रमवादकाच्या आईची सही राहून गेली असेल, तर ती जूनमध्येच घ्यावी. ऑक्टोबरपर्यंत ड्रमवादक दुसऱ्या राज्यातील कॉलेजात पोहोचलेला असतो आणि बँडच्या नावावरून वाद सुरू झालेला असतो.