शाकाहारी आहात, पण भाजी किती खाता?

"आम्ही शाकाहारी, म्हणजे आमचं खाणं आधीच चांगलं." हे मी इतक्या घरांत ऐकलं आहे की सुरुवात इथूनच करायला हवी. एकादशीचं ताट आठवा. साबुदाण्याची खिचडी, बटाट्याची भाजी, वेफर्स, वर गोड चहा. सगळं वनस्पतींपासून आलेलं, पण पालेभाजी नाही, कडधान्य नाही आणि साबुदाणा म्हणजे जवळजवळ निव्वळ स्टार्च. रोजच्या जेवणातही पोळ्या आणि भाताची मूद बहुतेक जागा अडवतात. डावीकडची कोशिंबीर चटणी-लोणच्याच्या मापाने वाढली जाते आणि उजवीकडची भाजी पोळीला लावण्यापुरती.

हैदराबादच्या राष्ट्रीय पोषण संस्थेने 2024 मध्ये दिलेलं माप यापुढे ठेवून पाहा. 2000 कॅलरींच्या दिवसभराच्या आहारात भाज्या 400 ग्रॅम, फळं 100 ग्रॅम, डाळी-कडधान्यं 85 ग्रॅम, दाणे-तेलबिया 35 ग्रॅम आणि धान्य फक्त 250 ग्रॅम. म्हणजे भाजीचं वजन धान्यापेक्षा जास्त! आपल्या किती घरांत हे प्रमाण उलटं आहे, ते स्वयंपाक करणाऱ्याला विचारावं.

हा फरक म्हातारपणात दिसतो. अमेरिकेतल्या 1,05,000 हून अधिक परिचारिका आणि आरोग्य व्यावसायिकांची तीस वर्षांची माहिती 2025 मध्ये 'नेचर मेडिसिन'मध्ये आली. अकरा मोठे जुनाट आजार नाहीत आणि स्मरणशक्ती, हालचाल, मन शाबूत, अशा अवस्थेत सत्तरी गाठणारे फक्त 9.3 टक्के होते. फळं, भाज्या, अख्खी धान्यं, दाणे, कडधान्यं भरपूर खाणाऱ्यांत असे लोक जास्त आढळले. गोड पेयं आणि खारवलेलं, अतिप्रक्रिया केलेलं खाणाऱ्यांत कमी. या पाहणीतून कार्यकारणभाव सिद्ध होत नाही, पण आणखी एक गोष्ट त्यात दिसते: सर्वात वरचा क्रमांक निव्वळ वनस्पतींकडे झुकलेल्या आहाराचा नव्हता. त्यामुळे मासे किंवा ताक सोडायलाच हवं, हा समजही बाजूला ठेवावा. कोकणातल्या माणसाने बांगड्याशेजारी लाल माठाची भाजी वाढून घ्यावी, एवढंच.

मनाच्या आजाराबाबत दोन टोकं ऐकू येतात. एक म्हणतं, जेवणाचा नैराश्याशी काय संबंध? दुसरं म्हणतं, आहार सुधारा आणि गोळ्या फेकून द्या. ऑस्ट्रेलियात फेलिस जॅका यांच्या गटाने 67 नैराश्यग्रस्तांवर केलेला बारा आठवड्यांचा प्रयोग 2017 मध्ये प्रसिद्ध झाला. निम्म्यांना आहारतज्ज्ञाची साथ मिळाली, उरलेल्यांना गप्पा मारणारी सोबत. पहिल्या गटात 32 टक्के लोकांची लक्षणं ओसरली, दुसऱ्यात 8 टक्के. प्रयोग लहान होता आणि आपण कोणत्या गटात आहोत हे माणसांना ठाऊक होतं. मुख्य म्हणजे, बहुतेकांचे उपचार चालूच होते. आहार उपचारांच्या जोडीला आला, जागी नाही. गोळ्या अचानक बंद करून कोणी जीव धोक्यात घालू नये, ही कळकळीची विनंती.

आता ब जीवनसत्त्व बारा, म्हणजे बी-12. पालेभाजी खाल्ली की सगळी जीवनसत्त्वं मिळतात, हा समज इथे खरोखर घात करतो. बी-12 वनस्पतींत नसतं. दूध, दही, अंडी, मासे, मांस यांतूनच ते येतं. स्पिरुलिनात जे असतं त्यातलं बहुतेक शरीराला उपयोगी पडत नाही. पुण्याच्या केईएम रुग्णालयात डॉ. चित्तरंजन याज्ञिक यांच्या गटाने वर्षानुवर्षं दाखवून दिलं आहे की आपल्याकडे ही कमतरता सर्रास आढळते. त्यात एक फसवी गोष्ट आहे. पालेभाजीतल्या फोलेटमुळे रक्तक्षय झाकला जाऊ शकतो आणि मज्जातंतूंची झीज आत चालूच राहते. हातापायांना मुंग्या, तोल जाणं, उदासी, विसरभोळेपणा. घरचे म्हणतात, "वयच झालं आता." मधुमेहासाठी मेटफॉर्मिन किंवा पित्तासाठी वर्षानुवर्षं गोळ्या घेणाऱ्यांत हा धोका वाढतो. साध्या रक्त तपासणीने कमतरता कळते आणि वेळेत सापडली तर बऱ्याच अंशी भरून निघते. आईवडिलांची ही तपासणी करून घ्यायला डॉक्टरांना आठवणीने सांगा.

अक्रोड आणि ब्लूबेरी खाल्ल्या की स्मृतिभ्रंश टळतो, असं मानून महिन्याचं बजेट मोडायची गरज नाही. पालेभाज्या, बेरी आणि दाण्यांवर भर देणाऱ्या 'माइंड' आहाराची अमेरिकेत 604 ज्येष्ठांवर तीन वर्षं चाचणी झाली. 2023 मध्ये निकाल आला, तेव्हा फक्त थोडं कमी खाणाऱ्या गटापेक्षा त्यांच्या बुद्धीच्या चाचण्यांत ठळक फरक नव्हता. शेंगदाणे, जवसाची नाहीतर कारळाची चटणी, मोड आलेली मटकी, चवळी, अंबाडी हे आपलं जुनं खाणं रोज ताटात असू द्या.

"दात गेले, आता मऊ वरण-भातच बरा," असं म्हणून आजीची भाजी बंद होते, तिथे मला फार वाईट वाटतं. वय वाढतं तसे स्नायू झिजतात, म्हणजे प्रथिनांची गरज याच वयात जास्त. अळूची किंवा पालकाची ताकातली पातळ भाजी करा. हरभऱ्याची डाळ तासभर भिजवून मऊ शिजवा, दाण्यांचं कूट घाला, आणि भातापेक्षा भाजीची वाटी मोठी घ्या.