पुढची शिडे आणि पाठीमागचा वारा

शिडाच्या नौकेवर डोलकाठीच्या मागे मोठे शीड असते आणि पुढे, नाळेपर्यंतच्या म्हणजे नौकेच्या निमुळत्या टोकापर्यंतच्या जागेत, पुढची शिडे उभारतात. समुद्रापासून दूर असलेल्या नांदेड-लातूरच्या वाचकाला सारी शिडे सारखीच वाटण्याचा संभव आहे. प्रत्यक्षात त्यांपैकी जिब नावाच्या शिडाच्या बळावर नौका नागमोडी वळणे घेत वारा येतो त्या दिशेलाही जाऊ शकते, तर पातळ नायलॉनचा, पोट फुगवून पुढे झेपावणारा स्पिनेकर वारा पाठीमागून किंवा बाजूने असेल तेव्हाच कामाचा.

जिबची मांडणी सरळ आहे. डोलकाठीपासून नाळेपर्यंत ताणलेल्या पोलादी तारेवर ॲल्युमिनियमची खाचेची नळी बसवतात, शिडाची पुढची कड त्या खाचेत घालून हॅलियर्ड नावाच्या दोराने शीड वर ओढतात, आणि मागच्या मोकळ्या कोपऱ्याला बांधलेले दोन दोर, ज्यांना शीट म्हणतात, दोन्ही बाजूंनी सुकाणूकडे आणतात. तळाच्या रिळाचा दोर ओढला की शिडाची सुरळी होते आणि वादळात नाळेवर जाण्याचा धोका टळतो.

स्पिनेकरला असा तारेचा आधार नसतो, तो केवळ तीन कोपऱ्यांवर तोललेला असतो. म्हणून त्याचे दोर त्या तारेच्या आणि कठड्याच्या बाहेरूनच न्यावे लागतात, आणि एखादा जरी आतून गेला तरी शीड चढता चढताच अडकते. त्यातून वाराही फसवा: १५ नॉटचा वारा पाठीशी घेऊन ६ नॉटने जाणाऱ्या नौकेवर तो ९ नॉटचाच भासतो, त्यामुळे शीड उतरवण्याची वेळ टळून गेल्यावरच लक्षात येते. यासाठी दूरच्या प्रवासात स्पिनेकरवर लांब कापडी खोळ ठेवतात, जी दोराने खाली ओढली की शीड आत मिटत जाते. माणसे कमी असतील तर मोठ्या स्पिनेकरपेक्षा ही खोळच मोलाची.

कारण दूरच्या प्रवासाला निघालेल्या नौकांवर अनेकदा हात मोजकेच असतात. गोव्यात बांधलेल्या ‘म्हादेई’तून दिलीप दोंदे यांनी २००९-१० मध्ये चार बंदरांत थांबत, तर अभिलाष टॉमी यांनी २०१२-१३ मध्ये कोठेही न थांबता, एकट्याने पृथ्वीप्रदक्षिणा केली. नौदलाच्या ५६ फुटी ‘तारिणी’वर तर दिलना के. आणि रूपा ए. या दोघीच होत्या. २ ऑक्टोबर २०२४ रोजी गोव्याहून निघून त्या २९ मे २०२५ रोजी गोव्यातच परतल्या.